फट नसलेलं चाक

ज्या वर्षी माझ्या नवऱ्याचा उजवा हात लूमच्या गिअरमध्ये गेला, त्याच वर्षी दिवाळीत आमच्या घरी हॅमस्टर आला. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. भिवंडीत तेव्हा हॅमस्टर हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. माझा भाऊ मुंबईला नोकरीला होता. भाऊबिजेला येताना त्याने मला साडी आणली आणि माझ्या मुलीला कापडाने झाकलेला एक पिंजरा. कापड बाजूला केलं तर आत लाकडाच्या भुशात मुठीएवढा एक प्राणी अंग गोळा करून झोपलेला. पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपूट जवळजवळ नाहीच.

"हा उंदीर आहे?" मी विचारलं.

"उंदीर नाही गं ताई, हॅमस्टर. चावत नाही. पोरीचं मन रमेल."

मुलगी तिसरीत होती. तिचं मन रमायची गरज होतीच. उन्हाळ्यात अपघात झाल्यापासून घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ह्यांची दोन बोटं गेली होती, उरलेली वळत नव्हती, मनगट लाकडासारखं झालं होतं. आमचा कापड विणायचा छोटा कारखाना होता, पत्र्याच्या शेडमध्ये मोजके लूम. हे स्वतःच मालक, स्वतःच फिटर. चालू लूमला तेल घालताना शर्टाची बाही ओढली गेली, तिच्यामागून हात गेला. नंतर कारखाना शेजारच्या खालाच्या मोठ्या मुलाने भाड्याने चालवायला घेतला आणि हे घरात खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहू लागले. कारखाना घरामागच्याच गल्लीत. दिवसभर त्याचा खटखटाट भिंतीतून येत राहायचा. ह्यांना तो ऐकू येत होता की नाही, मला कळायचं नाही. मी विचारतही नव्हते.

माझी शाळा सकाळची. पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, ह्यांच्या शर्टाची बटणं लावायची, मुलीची वेणी घालायची आणि शाळेत जाऊन साठेक पोरांसमोर पाढे म्हणायचे. दुपारी घरी आले की पुन्हा स्वयंपाक, कपडे, ह्यांच्या हाताला गरम पाण्याचा शेक. त्यात आता पिंजरा साफ करायची भर पडली. भाऊ चार तासांत परत गेला. मी त्या पिंजऱ्याकडे बघत बसले आणि मला वाटलं, अजून एक खाणारं तोंड, अजून एक घाण काढायची.

पण मुलीला त्याने वेड लावलं. ती त्याला भिजवलेले चणे द्यायची, काकडीची चकती द्यायची. तो दोन्ही गालांत दाणे कोंबून तोंड भोपळ्यासारखं करायचा आणि कोपऱ्यात जाऊन सगळं ओतून ठेवायचा. दिवसभर झोप काढायची आणि तिन्हीसांजेला दिवे लागले की उठायचं, हे त्याचं वेळापत्रक. उठला की पहिल्यांदा चाकावर.

चाक पिंजऱ्याबरोबरच आलं होतं. तारेचं, शिडी वाकवून गोल केल्यासारखं. दोन गोल तारा आणि त्यांच्यामध्ये आडव्या काड्या. काड्यांमध्ये बोटभर अंतर. मधून एक दांडा आरपार. तो त्यात शिरला की चाक किरकिर करत फिरायचं आणि मुलगी टाळ्या पिटायची. हे मात्र एकदा वाकून त्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसले.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि मुलगी किंचाळली. धावत गेले. चाक अर्धवट थांबलेलं, हॅमस्टर त्यातून उलटा लोंबकळत होता. मागचा एक पाय दोन काड्यांमधून बाहेर जाऊन पिंजऱ्याच्या तारेत अडकला होता. असला चिरका आवाज एवढ्याशा जिवातून निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. माझे हात पिठाचे. मी चाक धरलं, मागे फिरवलं, तर तो जास्तच ओरडला आणि माझ्या बोटाला कडकडून चावला.

तेवढ्यात ह्यांचा डावा हात माझ्या हातावर आला.

"फिरवू नको," हे म्हणाले. "चाक फिरवलंस की पाय तुटंल. जागच्या जागी धर. काडी वाकव."

मी चाक धरून ठेवलं. ह्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने काडी हळूहळू वाकवली. पाय सुटला. हॅमस्टर भुशात पडला आणि धापा टाकत राहिला. मुलगी रडत होती. हे उभे होते, कपाळावर घाम, आणि उजवा हात छातीशी घट्ट धरलेला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला म्हणून आत गेले. जायला निमित्त मिळालं ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. मुलगी बरोबर होती. तिथे आमच्यापुढे एक म्हैस होती, एक बकरी होती. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, माझ्याकडे तबेल्याच्या म्हशी येतात," ते म्हणाले. पण माणूस चांगला. त्यांनी चष्मा सारखा केला, त्या इवल्याशा पायाला हलकेच बोट लावलं. "हाड मोडलेलं दिसतंय. ह्याला प्लास्टर कुठे घालणार? पिंजऱ्यात चढायला काही ठेवू नका, पडून राहू द्या. जुळलं तर जुळेल, पाय थोडा वाकडा राहील."

"मग चाक?" मुलीने विचारलं.

"बरा झाल्यावर. पण तेच चाक परत लावू नका."

"दुसरं कसलं लावायचं?"

"ते मला नाही सांगता येणार, बाळ. म्हशीला चाक लागत नाही."

मुलगी हसली नाही. डॉक्टर स्वतःच थोडे हसले.

चाक काढून टाकलं. पाय जुळायला बरेच दिवस गेले. जुळला तो वाकडाच, पण जुळला. आणि मग नवाच त्रास सुरू झाला. चालता यायला लागल्याबरोबर तो संध्याकाळ झाली की पिंजऱ्याच्या कडेकडेने गोल गोल फिरायचा आणि मग एकाच जागी उभा राहून तार कुरतडायचा. कर्र कर्र कर्र. नाकावरचे केस झडून तिथे लाल झालं. मुलगी म्हणायची, त्याला पळायचंय. मला वाटायचं, मलाही कुठेतरी पळायचंय, पण बोलायची सोय नव्हती.

"दुसरं चाक आणा ना," ती सारखी मागे लागली.

शेवटी एका रविवारी मी मुंबईला जायला निघाले. पाखरं आणि मासे विकतात त्या बाजारात. आठवड्यातला तो एकच दिवस मला जरा पाठ टेकायला मिळायचा, तो असा गेला. निघताना ह्यांनी स्टीलची एक ताटली माझ्यापुढे धरली, आम्ही चटणी-लोणच्याला घ्यायचो तसली मोठीशी.

"ह्याच्यापेक्षा चाक लहान असंल तर आनू नको."

"का?"

"तो पळताना लांब होतो. लहान चाकात त्याची पाठ वाकंल. रोज वाकून पळाला तर कायमचा वाकडा होईल. आनि फट नको. पायाखाली सलग पायजे. मधून दांडा आरपार गेलेला नको, दांडा आनि काडी कैचीवानी चालतात, मान सापडंल. पाठीमागनं बंद, पुढनं उघडं, असं बघ."

इतकी वाक्यं एका दमात ते कितीतरी महिन्यांनी बोलले होते. हातात ताटली धरून मी ऐकत राहिले. त्यांना हे कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती.

बाजारात मी ताटली घेऊन दुकानादुकानांत फिरले. पोपटांचा कलकलाट, माशांच्या टाक्यांचा वास, पायाखाली चिखल. पिशवीतून ताटली काढून मी चाकाला लावून बघायचे आणि दुकानदार माझ्याकडे बघायचे. बहुतेक सगळी चाकं तारेची, शिडीची. एका ठिकाणी जाळीचं मिळालं. जाळीची भोकं बारीक होती, पण नखं अडकतील एवढी होतीच. आणखी एका ठिकाणी प्लास्टिकचं, अगदी सलग, लाल रंगाचं सुंदर चाक होतं. ताटलीला लावलं तर जेमतेम अर्धं भरलं.

"इससे बड़ा नहीं है?" मी विचारलं.

"मॅडम, चूहे के लिए इतना ही आता है."

"वो चूहा नहीं है."

"जो भी है. पिंजरे में ही तो रहना है उसको. कितना बड़ा चाहिए?"

मला त्याचा राग आला नाही. दिवसभरात दहा जणांना तो हेच सांगत असेल. लाल चाक मी हातात धरून उभी राहिले. घेऊन टाकावं, पोर गप्प होईल, माझा रविवार संपेल. मग मला खिडकीत पाठ वाकवून बसलेले हे आठवले. चाक परत ठेवलं आणि रिकाम्या हाताने एसटी पकडली.

घरी पोचले तेव्हा अंधार पडत आला होता. माझे पाय सुजले होते. मुलगी दारातच उभी. "मिळालं?" मी ताटली मोरीत टाकली, ती खणखणली.

"तुमच्या अटीतलं चाक जगात कुणी बनवत नाही," मी ह्यांना म्हटलं. "मी शाळा करायची, घर करायचं, आता उंदरासाठी मुंबई पालथी घालायची? माझ्याच्याने होत नाही. सोडून द्या त्याला शेतात, नाहीतर काहीही करा."

मुलगी पिंजऱ्याशी जाऊन बसली. मी पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि रडायला लागले तर ते नेमकं कशासाठी हे मलाच समजेना.

भिंती पातळ होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खाला आली. तिचं घराणं कोकणी मुसलमानांचं, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मला मासे साफ करायला शिकवण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला ती होती. तिच्या हातात प्लास्टिकचा एक मोठा गोल डबा होता.

"काय गो, काल एवढी चिडलीस?" ती बसत म्हणाली. "हा बघ, माझा पिठाचा डबा. झाकण फुटलंय. तुझ्या उंदराला ह्याचं चाक नाही का होणार?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी हात पुढे केला. डबा घेतला, आडवा केला, तळ बघितला, ताटली मागवून तळाला लावली. डबा ताटलीपेक्षा रुंद होता.

"तळ बंद हाय," हे म्हणाले. "वरचा भाग कापून टाकायचा. तळाच्या मधोमध बेअरिंग लावायचं, मागच्या बाजूनं. म्हंजे आत दांडाच न्हाय."

"बेअरिंग कुठून आणायचं?" मी विचारलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. "कारखान्यात हाय. कांडी मशीनचं जुनं. भंगाराच्या पेटीत." कांडी मशीन म्हणजे धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं यंत्र. आमचं जुनं मशीन मोडून पडलं होतं.

"मी माझ्या मुलाला सांगते, आणून देईल," खाला म्हणाली.

"त्याला वळखू येनार न्हाय," हे म्हणाले आणि खाटेवरून उठले. "चल."

'चल' मला होतं. मी चपला घातल्या. गल्लीतून मागे जायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण अपघातानंतर ते तिकडे एकदाही फिरकले नव्हते. दारापाशी आलो तशी ती धडधड अंगावर आली. आत उडणारी कापसाची तूस, तेलाचा वास, पिवळे बल्ब. हे उंबऱ्यात थांबले. त्यांनी माझा दंड धरला.

खालाचा मुलगा आम्हाला बघून धावत आला आणि स्विचकडे वळला. ह्यांनी हाताने खूण केली, चालू दे. उजवा हात पोटाशी धरून, भिंतीच्या कडेने, एक एक पाऊल टाकत ते मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पेटीतलं भंगार डाव्या हाताने उचकलं. गंजलेली दोन-तीन बेअरिंग बघून टाकून दिली. एक कानाशी नेऊन फिरवलं. त्या गोंगाटात काय ऐकू आलं असेल कोण जाणे, पण ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

परत येताना मात्र ते एका लूमपाशी थांबले. कुठल्या, ते मला विचारावं लागलं नाही. बाजूचे गिअर उघडेच होते, दातात दात घालून काळे तेलकट फिरत होते. ते बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, चला." त्यांनी ऐकलं नाही. खालाच्या मुलाला जवळ बोलावलं आणि त्या खटखटाटावर आवाज चढवून विचारलं, "ह्याच्यावर पत्रा का न्हाय लावला?"

"चाचा, कोणाच्याच लूमवर नाही लावत. तेल घालायला अडचण होते."

"मी पन हेच बोलायचो," हे म्हणाले. "म्हनून माझा हात गेला."

आम्ही बाहेर आलो. गल्लीत आल्यावर हे एका घराच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी शेजारी उभी राहिले. ये-जा करणारे लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

पुढचा आठवडा चाकात गेला. त्यांचा डावा हात आणि माझा उजवा, असं काम. शाळेच्या वह्या बाजूला सारून मी डबा धरायचे, ते तापवलेल्या सुरीने कापायचे. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून मी साफ केलं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासायला मुलीला बसवलं. मागे लाकडाचा ठोकळा, त्याला स्क्रू, आणि स्क्रूचं डोकं आत वर येऊ नये म्हणून खळगा. माझ्याकडून ठोकळा हलला की ते चिडायचे. "नीट धर ना!" "धरतेय!" आम्ही कित्येक महिन्यांत असं भांडलो नव्हतो. भांडायला तोवर घरात कुणी बोलतच नव्हतं.

चाक लागलं तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा करंगळी घालून बघितलं. चाक फिरवत, कडेला, मागे, ठोकळ्याच्या आणि तळाच्या मधे, सगळीकडे करंगळी लावून बघितली, कुठे सापडते का. कुठेच सापडली नाही. मग हॅमस्टरला आत ठेवलं.

तो घसरला. दोन पावलं टाकली आणि घसरून पोटावर पडला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला, आणि जाऊन तार कुरतडायला लागला. मुलगी रडवेली झाली. खरं सांगायचं तर मीही. आत कापड चिकटवू या, मी म्हटलं. हे नको म्हणाले, सुताचा धागा सुटला तर पायाला गुंडाळंल, आनि चिकटवलेलं तो खाईल. मग त्यांनी खिळा तापवून आतल्या बाजूने आडव्या उथळ रेघा ओढल्या, नुसत्या पायाला पकड मिळेल एवढ्या. त्या मी पुन्हा पॉलिश पेपरने घासल्या. माझ्या बोटांची सालटी निघाली.

त्या संध्याकाळी तो आत शिरला, थांबला, वास घेतला, आणि पळायला लागला. किरकिर नाही, खडखड नाही, फक्त पायांची बारीक टपटप. वाकडा पाय जरा बाहेर टाकत, पण पळत होता. हे जमिनीला गाल टेकून आडवे झाले आणि बाजूने बघायला लागले.

"पाठ सरळ हाय," ते म्हणाले.

मुलगी त्यांच्या पाठीवर जाऊन पडली. खालाला हाक मारून आणलं, तीही बघून गेली. मी भिंतीला टेकून बसले होते. मला आनंद झाला असणार, पण त्या वेळी जाणवलं ते एवढंच, की आता उठून भात लावायचा आहे.

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. हात तसाच राहिला. पण सकाळी मी शाळेत गेले की ते कारखान्यात जाऊ लागले. पत्रा कापून प्रत्येक लूमच्या गिअरला झाकण करत बसायचे, डाव्या हाताने, वाकडंतिकडं. कामगार तेल घालताना झाकण काढून बाजूला टाकायचे आणि विसरायचे. हे दुसऱ्या दिवशी परत लावायचे. "चाचा, छोड़ो ना," ते म्हणायचे. हे सोडायचे नाहीत. आजूबाजूच्या एक-दोन कारखानदारांनी झाकणं करून मागितली, बाकीचे हसले. त्यावर घर चालण्यासारखं नव्हतं. माझी शाळा होती म्हणून चाललं. पुढे त्यांनी नाक्यावर पंखे-मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं, ते बरं चाललं. शर्टाची बटणं मात्र मीच लावत राहिले.

हॅमस्टर आणखी दोनेक वर्षं जगला. शेवटी शेवटी चाकात नुसता बसून राहायचा, चाक त्याच्या वजनाने हलायचं तेवढंच. एका थंडीतल्या सकाळी भुशात निपचित सापडला. मुलीने त्याला माझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ह्यांनी कारखान्याच्या मागच्या कुंपणाजवळ खड्डा केला. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढे कुणीतरी तिला विचारलं, दुसरा आणायचा का. तिने नको म्हटलं. तिला नको होता, ह्यांना नको होता, आणि मला तर नकोच होता. मी पिंजरा गरम पाण्याने धुतला, गच्चीवर उन्हात ठेवला आणि चाक सोडवून खालाच्या नातवाला खेळायला देऊन टाकलं. त्या दुपारी शाळेतून आल्यावर पिंजऱ्यातला भुसा बदलायचा नव्हता, चणे भिजवायचे नव्हते. हे दुकानात होते, मुलगी शाळेत. मी फरशीवर चटई टाकली आणि आडवी झाले. मागच्या गल्लीतले लूम चालू होते. दिवेलागणीला मुलीने हलवून उठवलं, तोवर मला जाग आली नाही.